पहिलं नको

दिपमालाच्या हातातली बशी रिकामी होती आणि पोटात कावळे ओरडत होते.

खानदेशात पाहुण्यानं पहिल्याच विचारण्याला हात पुढे करायचा नसतो. पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं. तिसऱ्यांदा यजमान ताटात वाढूनच मोकळा होतो. अमळनेरची दिपमाला याच वळणात वाढलेली. जुन्या धुळ्यातल्या एका दगडी हॉलमध्ये नाताळानिमित्त वाईन आणि चीज चाखण्याचा कार्यक्रम होता. मैत्रीण मेघा तिला ओढून घेऊन आली आणि स्वतः ओळखीच्या घोळक्यात गडप झाली. दिपमाला प्रत्येक टेबलाशी ‘नको’ म्हणाली. टेबलांमागची मंडळी बाहेरगावची, ती ‘ओके’ म्हणून हसली आणि पुढच्या पाहुण्याकडे वळली.

शेवटच्या टेबलामागचा तरुण मात्र तिच्या बशीकडे बघत होता.

“सगळ्यांनाच नको म्हणालात?”

“भूक नाही,” ती म्हणाली. नेमकं तेव्हाच पोट गुरगुरलं.

त्याचे नुसते डोळे हसले. “आग्रह करणं मला जमत नाही. हा तुकडा इथं ठेवतो. मी तिकडं बघतो.”

आणि खरंच तोंड फिरवून उभा राहिला की बाबा! दिपमालानं तुकडा पटकन तोंडात टाकला… आणि थबकली.

“हे तर… भरताच्या वांग्यासारखं लागतंय.”

तो गर्रकन वळला. संध्याकाळपासून हे कुणालाच कळलं नव्हतं. चीज त्यानं कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, पऱ्हाट्यांच्या धुरावर धरलं होतं, वांगी भाजतात तसं. नवीन त्याचं नाव. साक्रीजवळच्या गावचा, घरच्या म्हशींच्या दुधाचं चीज करणारा. त्याचे वडील, नाना, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “चांगलं दूध नासाडस हाऊ,” हा पोरगा चांगलं दूध नासवतो म्हणून.

मग गप्पांना ऊत आला. जांभळाच्या वाईनच्या एका घोटानं दिपमालाची जीभ जांभळी झाली, त्यावरून त्यानं चिडवलं. थंडीनं ती हात चोळायला लागली, तेव्हा लवंग घातलेला गरम द्राक्षरस न विचारता तिच्यापुढे सरकला. बोलता बोलता तिनं कुणाला न सांगितलेलंही सांगून टाकलं. एमएला जातेस का, असं वडिलांनी विचारलं होतं. ती सवयीनं नको म्हणाली, आणि तो विषय पुन्हा निघालाच नाही.

दिवे एकेक मालवू लागले. नवीननं चीज कागदात बांधून दिलं आणि गडबडून घरच्या बोलीत विचारलं, “परत… भेटशी?”

“नको,” दिपमाला म्हणाली.

शब्द सवयीनं सुटला. आता तो पुन्हा विचारेल… पण नवीननं मान हलवली, “बरं” म्हणाला, नीट जा म्हणाला आणि टेबल पुसायला लागला.

रिक्षात मेघा अखंड बोलत होती. दिपमालाला काही ऐकू येत नव्हतं. ना त्याचा नंबर, ना पत्ता. एमए गेलं ते गेलं, पण हा माणूसही असाच जाऊ द्यायचा? एसटी स्टँड दिसायला लागला तशी तिनं रिक्षा उलटी फिरवायला लावली. मेघा बघतच राहिली.

नवीन अजून आवरत होता.

“तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाही,” ती धापा टाकत म्हणाली.

“पहिल्यांदा ऐकलं होतं ना.”

“ते खरं नव्हतं. सवयीचं होतं. मला… तुम्ही आवडलात.” तिचे कान तापले.

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. “मग तुमचं खरं नको मी ओळखायचं कसं?”

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“तुमच्यापुरतं आता एकच नको ठेवते. नको म्हणाले, तर नकोच. आणि भेटायचं असलं, तर असं परत येऊन सांगेन.” मग हळूच म्हणाली, “रविवारी अमळनेरला घरी या. आई पुरणाचे मांडे करेल.”

नवीनचा चेहरा उजळला. पण तोही खानदेशचाच. रीतीप्रमाणे म्हणाला, “नको… आईंना कशाला उगाच त्रास.”

“बरं,” दिपमाला म्हणाली आणि वळून चालायला लागली.

“येसू,” मागून घाईघाईनं आवाज आला. “अहो, येईन ना मी… नक्की येसू.”