देवाची नक्कल

पुजाऱ्याच्या धाकट्या भावाला सगळे नकल्या म्हणत. साठी आली, बुद्धी नाठी नाही झाली, नाटकी झाली! डॉक्टरांच्या खोकल्याची नक्कल त्याने इतकी हुबेहूब केली, की डॉक्टरांनी त्यालाच औषध लिहून दिलं. मात्र जावयाचं तोतरेपण चारचौघांत करून दाखवलं, ते अंगाशी आलं. लेकीने माहेर तोडलं.

आज वार्षिक उत्सव, आणि लेक इतक्या वर्षांनी येणार होती. नकल्याला तिला एकच सांगायचं होतं, स्वतःच्या आवाजात: "चुकलो बाळ."

दुपारी देव पालखीत बसून निघाले. पुजारी जाताना म्हणाला, "देवाची जागा रिकामी ठेवू नकोस. सुपारी ठेव."

"सुपारी कशाला, दादा? मी बसतो की!"

"जिभेला काही हाड?" वहिनी करवादली.

देऊळ ओस पडलं. नकल्याने गाभाऱ्याचा पडदा ओढला, समईत तेल घातलं. तेवढ्यात घंटा वाजली. शेजारची शिंपीण.

"देवा, सुनेची जीभ आवर."

नकल्याला राहवतंय थोडंच? त्याने घोगरा आवाज काढला, "आधी तुझी आवर!"

शिंपीण थोबाडीत मारून घेत पळाली. नकल्या हसून हसून लोळायचा बाकी राहिला, आणि तोल सावरत टेकला तो नेमका देवाच्या जागेवर.

समईची ज्योत हलायची थांबली. चितारल्यासारखी. कापराचा वास दाटत दाटत घशाशी आला. घंटा वाजली नाही. पण पडद्याबाहेर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"आत... कोण?"

बाहेरून आलेला तो आवाज हुबेहूब नकल्याचाच होता.

आपल्यावर ताण करणारा हा कोण शहाणा? हार मानेल तो नकल्या कसला!

"मी... देव."

बाहेरचं माणूस हळूच हसलं. "बरं झालं... मग बसा आता."

नकल्या उठायला गेला, तर पाय ऐकेनात. तोंड उघडेना. पापणी मिटेना.

वाजंत्री जवळ आली. पुजाऱ्याने पालखीवरचं वस्त्र उचललं आणि किंचाळला, "देव कुठे गेले?"

"ओरडतोस काय, दादा!" मंडपातून नकल्याचा आवाज आला. "गर्दीत धक्का लागेल म्हणून मीच मघाशी आत नेऊन बसवले."

पडदा सरला. पुजाऱ्याने नकल्याला एका हाताने अलगद उचललं, गार पाण्याने न्हाऊ घातलं, पुसलं. नकल्या आतल्या आत गुरासारखा ओरडत होता. पुजारी पुटपुटला, "आज काय प्रसन्न दिसतायत!"

मग लेक आली. नकल्याला सगळं दिसत होतं. तिचा हात त्या दुसऱ्याच्या हातात होता. "चुकलो बाळ," तो म्हणाला, अगदी नकल्याच्या आवाजात. लेक हमसून हमसून रडली, मग डोळे पुसत देवाच्या पाया पडायला वाकली आणि चटकन मागे सरली.

"काका, देवाचे पाय एवढे गरम कसे?"

"उन्हातून फिरून आलेत ना!" मागून तो म्हणाला.

सगळा मंडप हसला. लेकही हसली. पण पायाला लागलेलं ते बोट तिने पदरात गुंडाळून धरलं होतं, आणि पदर आसवांसारख्या कोमट पाण्याने हळूहळू ओला होत होता.