पैलवानाच्या आड पाणी

पैलवान पुन्हा थांबला, आणि या वेळी आबा त्याच्या हातांत होते.

वल्लरी आजोबांकडे धावली. पैलवान म्हणजे त्यांच्या घरचा यंत्रमानव. आठ महिन्यांपूर्वी आबांना पक्षाघात झाला, तेव्हापासून तोच त्यांना पलंगावरून उचलायचा आणि ओसरीतल्या खुर्चीवर नेऊन बसवायचा. नाव आबांनीच ठेवलेलं. अंगात बळ भरपूर, पण स्वतःचा मेंदू बेताचा. पुढचं पाऊल कसं टाकायचं हेसुद्धा तो शहरातल्या सेवाकेंद्राच्या संगणकाला विचारायचा, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर यायचं.

गेल्या पंधरा दिवसांत मात्र त्याचं काहीतरी बिनसलं होतं. मधल्या बोळात, स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी आला की कपाळावरचा हिरवा दिवा लाल व्हायचा आणि स्वारी जागच्या जागी ठप्प! तेही रोज नाही. आधी सोमवार, बुधवार, शुक्रवार. मग रविवारीच रुसला, आणि पुढच्या आठवड्यात मंगळवारी, गुरुवारी. आई म्हणाली, यंत्र जुनं झालं. शेजारच्या काकूंनी तर मिरच्या-मीठ घेऊन त्याची दृष्टच काढली. पैलवानाने ते मुकाट्याने सोसलं.

सोमवारी केंद्राच्या घोरपडे मॅडम चाचणीला येणार होत्या. पैलवान त्यांच्यासमोर एकदा जरी अडला तर तो परत जाणार, आणि आबांना शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवावं लागणार. त्यांनी फोनवर तसं स्पष्टच सांगितलं होतं. आबा नसलेलं घर नुसतं मनात आणलं तरी वल्लरीला रडू येई.

आज शनिवार. शाळा अर्धी, आई कारखान्यात, काकू लग्नाला गेलेल्या. आणि बोळात हे असं! याआधी तो रिकाम्या हातांनी थांबायचा. आज आबांचं डोकं त्याच्या कोपराबाहेर मागे लोंबत होतं आणि घशातून घरघर येत होती. वल्लरीने दोन्ही हातांनी डोकं उचलून धरलं. मग एका हाताने पैलवानाची बोटं ओढून पाहिली. ती तसूभर हलली नाहीत.

"पैलवान, ठेव ना रे त्यांना खाली!"

लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. वल्लरीला त्या दिव्याची भीती वाटायची, अगदी पहिल्या दिवसापासून. आईला तिने हे कधी सांगितलं नव्हतं.

"पा... णी," आबा म्हणाले.

तिने पलंगावरची उशी ओढून त्यांच्या मानेखाली, पैलवानाच्या कोपरावर कोंबली आणि धावत जाऊन फुलपात्र भरून आणलं. आबांनी ओठ घट्ट मिटले, मान हलवली. "पाणी... आड."

"आड? कुठला आड, आबा? गावातला आड तर केव्हाच बुजवला!"

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं ते कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होते. डोक्यात सगळं लख्ख होतं, पण जीभ वळत नव्हती. त्यांनी एकच बोट कसंबसं उचलून स्वयंपाकघराच्या भिंतीकडे दाखवलं. "आ... ड येतं."

आड येतं! म्हणजे मध्ये येतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार... एक दिवस सोडून एक. दिवसाआड! नळाला पाणीही पंधरा दिवसांपासून दिवसाआडच येत होतं!

वल्लरी स्वयंपाकघरात धावली. सकाळीच काठोकाठ भरलेली तीन निळी पिंपं भिंतीला लागून उभी होती, आणि त्यांच्यामागे कोपऱ्यात, त्यांच्या काठाच्या जरा खाली असलेल्या फळीवर राउटर (इंटरनेटचे निरोप हवेतून घरभर पोहोचवणारी पेटी) बसला होता. हॉलमध्ये बरा दिसत नाही म्हणून आईने तो तिथे ठेवला होता, आणि वर विणलेला रुमालही घातला होता.

पिंप ढकलणं तिला शक्य नव्हतं. पालथं केलं तर दोन दिवस प्यायला काय? तिने हात घालून राउटरच बाहेर ओढला, मागे गुंडाळलेली वायर उलगडली आणि तो घाईघाईत स्टीलच्या मांडणीत ताटांमागे ठेवला. बोळात डोकावून पाहिलं, तर दिवा अजून लालच. आबांची घरघर वाढली होती.

"व... र," आबा पुटपुटले.

ती स्टुलावर चढली. दाराच्या वरच्या उघड्या फळीवरचे डबे तिने सरळ खाली ढकलले. रव्याचा डबा फुटला, रवा सगळीकडे पसरला. राउटर तिथे उभा राहिला आणि बोळातून आवाज आला, "क्षमस्व. मी आबांना खुर्चीकडे नेत आहे."

वल्लरी स्टुलावरच बसून मोठ्याने रडली.

आबांचा श्वास ओसरीत बसल्यावर शांत झाला. मग तिने जरा रागानेच विचारलं, "पैलवान, तू थांबतोस तरी का?"

"निरोप तुटला की जागीच थांब, असा मला नियम आहे. चुकीचं पाऊल टाकून आबांना पाडण्यापेक्षा ते बरं. माझे निरोप रेडिओलहरींवरून येतात. प्लास्टिकमधून त्या सहज जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी रिकामं होत आलेलं पिंप त्यांना अडवत नाही. पाणी मात्र त्यांचं शोषण (ऊर्जा गिळून टाकणं) करतं. मायक्रोवेव्हमध्ये भात गरम होतो ना? तशाच लहरी त्यातलं पाणी गिळतं, म्हणूनच."

"आणि मांडणीत का नाही चाललं?"

"धातूवरून लहरींचं परावर्तन (आपटून मागे फिरणं) होतं. ताटांनी त्या परत पाठवल्या."

"म्हणजे राउटर उंचावर, उघड्यावर..."

"...आणि घराच्या मध्यावर," आबा सावकाश म्हणाले. आठ महिन्यांत त्यांनी एका दमात इतके शब्द उच्चारले नव्हते.

संध्याकाळी आईने आधी सांडलेला रवा पाहिला, मग ओसरीत निवांत बसलेल्या आबांना, आणि केरसुणी उचलली. वल्लरी राउटर हातात धरून घरभर फिरली. लांब वायर मागे, पैलवान बोळात उभा राहून लहरींचा जोर किती ते सांगतोय. त्यातून तिला आणखी एक गोष्ट कळली. राउटरच्या लहरी दोन जातींच्या असतात. जास्त वारंवारतेची (सेकंदाला जास्त वेळा वर-खाली होणारी) लहर झपाट्याने निरोप नेते, पण भिंतीपाशी लवकर दमते; कमी वारंवारतेची जरा हळू, पण लांबवर पोहोचते. शेवटी बोळातल्या उंच कोनाड्यात जागा ठरली.

सोमवारी पिंपं पुन्हा काठोकाठ भरली होती. वल्लरीने सकाळपासून घास खाल्ला नव्हता. मॅडम हातात नोंदींची पाटी घेऊन बोळात उभ्या राहिल्या. पैलवान आबांना घेऊन निघाला, भिंतीपाशी आला, आणि वल्लरीने डोळे मिटून घेतले. पावलं तिच्या शेजारून पुढे गेली.

"ठेवायला हरकत नाही," मॅडम म्हणाल्या.

त्या गेल्यावर आबांनी फाटकाकडे बोट दाखवलं. आठ महिन्यांत ते तिथवर गेले नव्हते. वल्लरी पुढे चालली. तुळशीपाशी दिवा हिरवा, गुलबक्षीपाशीही हिरवा. फाटक एका हातावर आलं आणि दिवा पिवळा झाला; निरोप तुटायच्या बेतात होता. तिने हात वर करून पैलवानाला थांबवलं. या वेळी ती स्वयंपाकघराकडे पळाली नाही की रडली नाही.

"इथवरच पोहोचतंय, आबा."

आबांनी फाटकापलीकडचा रस्ता डोळे भरून पाहिला आणि म्हणाले, "आज... इथवर."