चला म्हटल्याशिवाय

तो मोबाईल आधी खाली ठेवा. जेवणं झाल्यापासून बघतोय मी, दमणला एक रात्र काढायची तर तुम्हा दोघांचं हॉटेल ठरेना. सार्थकला समुद्र दिसणारी खोली पाहिजे, तेजलला बाथरूमचे फोटो पाहिजेत, आणि कुणा अनोळखी माणसानं लिहून ठेवलंय की नाश्त्याचे पोहे गार होते, म्हणून तेही हॉटेल बाद. अरे, सुरतेला लग्नाला चाललाय ना? वाटेत पाठ टेकायची, सकाळी उठायचं, निघायचं. डोकं उठलं माझं. लाइट गेलीच आहे, तर तो उजेडही बंद करा आणि जरा इकडे सरका. मनोजचं सांगतो तुम्हाला. तोही असाच एका रात्रीपुरता दमणला थांबला होता, आणि त्यानंही अशीच हॉटेलं बदलली होती.

मनोज म्हणजे आपल्या विंचूरच्या सावळीरामचा मुलगा. सावळीराम आणि मी कांदा मार्केटात बरोबरीनं मापारी होतो, सगळा जन्म वजनकाट्यापाशी गेला. एका गाडीचं माप संपलं की व्यापाऱ्याचा माणूस ‘चला’ म्हणायचा आणि आम्ही पुढच्या गाडीकडे जायचो. मी तर त्याची वाटही बघायचो नाही. सावळीराम मात्र चला ऐकल्याशिवाय जागचा हलायचा नाही. पुढे ती खोडच झाली. पाहुण्यांकडे गेला की कुणी चला म्हणेपर्यंत बसून राहणार. नामपूरला एका लग्नात आम्ही सगळे जीपमध्ये कोंबून निघून आलो आणि हा तिथेच राहिला. मी परत गेलो तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते आणि हा उरलेल्या एका खुर्चीवर बसलेला. मी चिडलो, तर शांतपणे म्हणतो, ‘कुणी चला म्हटलं नाय ना.’ काय बोलणार अशा माणसाला?

दोन हिवाळ्यांपूर्वी तो मुलीकडे, उज्वलाकडे अंकलेश्वरला गेला होता. तिथेच झोपेत गेला. अग्नी तिथेच द्यावा लागला, पण मनोजचं म्हणणं, बाबांच्या अस्थी आपल्या रामकुंडातच जाणार. तो, त्याची बायको हर्षाली आणि त्याची आत्या भागीबाई, असे तिघं गाडीनं अस्थी घेऊन निघाले.

आता तुम्हाला हे ठाऊक नसेल. आपल्याकडे अस्थी घरात नेत नाहीत, बाहेर झाडाला टांगून ठेवतात. आणि वाटेनं त्यांच्याशी बोलत जायचं असतं. पूल आला की पूल आला म्हणून सांगायचं. थांबलो की बसा म्हणायचं, निघालो की चला म्हणायचं. जिवंत माणसाला सांगतो तसंच. नाही सांगितलं तर माणूस मागे राहतो म्हणतात. भागीबाई मांडीवर ती फडक्यात बांधलेली मडकी घेऊन सगळ्या वाटेनं भावाशी बोलत होती.

नाताळच्या आधीचा शनिवार होता तो. निघायलाच दुपार टळली. रात्री पेठच्या घाटात धुकं असतं, म्हणून वाटेत मुक्काम करायचं ठरलं. मनोजच्या डोक्यात आलं, बाबांनी जन्मात समुद्र पाहिला नाही, एक रात्र त्यांना समुद्राशेजारी ठेवू. म्हणून दमण. विचार चांगला होता हो, पण त्या दिवशी सगळं गुजरात पिऊन नाचायला दमणमध्ये आलेलं. जिथे जावं तिथे जागा नाही. जिथे जागा होती तिथे बाईच्या मांडीवरचं गाठोडं बघितलं की मालक हात जोडायचा. दिवसभर गाडी चालवून मनोजचं टाळकं फिरलेलं. हर्षाली रडकुंडीला आलेली. शेवटी किनाऱ्याला लागून एक लॉज मिळालं. अंगणात बदामाचं मोठं झाड, समोर समुद्र. रखवालदार शफी म्हणून होता, भला माणूस. त्यानंच फांदी दाखवली.

भागीबाईनं गाठोडं टांगलं. म्हणाली, ‘दादा, आज मुक्काम हितंच. म्होरं समुद्र हाय बघ. बस निवांत.’ आणि मनोज, बापाची खोड आठवून, थोडंसं हसूनच म्हणाला, ‘बाबा, निघताना मी चला म्हणतो तुम्हाला. तोवर बसा.’

खोली उघडली आणि सगळं बिघडलं. गाद्या दमट, एसीतून पाणी, वरच्या मजल्यावर गाणी आणि शिव्या. हर्षाली पलंगावर बसेना. मनोज खाली जाऊन मॅनेजरशी भांडला, मॅनेजर त्याच्या वरचढ. मग मनोज तुमच्यासारखाच मोबाईल घेऊन बसला. हे भरलेलं, ते लांब, त्याचे फोटो खोटे वाटतात. शेवटी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक मिळालं. आत्याला आणि बायकोला त्यानं गाडीत बसवलं, बॅगा आदळल्या, पुन्हा एकदा मॅनेजरशी वाजलं. तशाच तणतणीत त्यानं झाडावरचं गाठोडं काढलं, आत्याच्या मांडीवर दिलं आणि गाडी काढली. आत्या वाटेत एकदा म्हणाली, हलकं लागतंय रं. कुणी लक्ष दिलं नाही.

नवं हॉटेल चकाचक होतं. झाड नव्हतं, म्हणून गाठोडं मागच्या कुंपणाच्या खांबाला टांगलं. कोरडी गादी मिळाली आणि तिघंही आडवी झाली. भागीबाई त्याच खोलीत, खाली सतरंजीवर.

डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजला.

शफी होता. ‘साहब, आपके साथ के बुजुर्ग यहीं रह गए.’

मनोज म्हणाला, आम्ही तिघं आहोत आणि तिघंही इथे आहोत. फोन ठेवला. त्याला वाटलं, मॅनेजर खुन्नस काढतोय.

थोड्या वेळानं पुन्हा फोन आला. बाहेर गारठा आहे, आत या म्हटलं तर येत नाहीत, असं शफी सांगत होता. मनोजनं त्याला नको नको ते सुनावलं. दिवसभर हाडं मोडली, आणि झोपूही देत नाहीत हे लोक. तो अक्षरशः दात-ओठ खात होता.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा हर्षालीनंच उचलला आणि स्पीकरवर टाकला.

शफीचा आवाज बारीक झाला होता. ‘बहनजी, मैंने उनको बहुत समझाया. वो एक ही बात बोलते हैं. मुझे समझती नहीं आपकी भाषा…’

मग तो शिकवलेलं म्हणून दाखवावं तसं, एकेक शब्द सुटा करून बोलला.

‘पोरगा… चला… म्हणंल… मग… उठीन.’



भागीबाई सतरंजीवर उठून बसली. अंधारातच तिनं विचारलं, ‘मनोज, निघताना तू चला म्हणलास का?’

मनोज गाडीची किल्ली चाचपडायला लागला.

‘मला वाटलं तू म्हणलास…’

तो चपला घालून खाली गेला. एकटाच. गाडी काढली.

रस्त्यावर आता कुणी नव्हतं. गाणी बंद झालेली. लॉजचं फाटक उघडंच. शफी फाटकाशी बॅटरी घेऊन उभा होता. त्यानं नुसता हात केला. झाडाकडे.

झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची होती. अंगणातल्या बाकी सगळ्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून होत्या. ही एकच उलटी. फाटकाकडे.

रिकामी.

‘अभी तो थे…’ शफी म्हणाला. पुढे आला नाही.

मनोज त्या खुर्चीपुढे उभा राहिला. मला सांगताना म्हणाला, काका, भीती नंतर वाटली. आधी राग आला. असा राग की रडू फुटलं. रिकाम्या खुर्चीवर तो ओरडला. ‘बाबा, अहो, उठायचं ना मग. सगळ्या जन्मात एकदा तरी आपलं आपण उठायचं. किती वाट बघायची माणसानं…’

लाटांचा आवाज… बाकी काही नाही.

मग तो हळू म्हणाला, ‘चला बाबा.’

काही झालं नाही.

त्यानं गाडीचं पुढचं, डावीकडचं दार उघडलं. थोडं थांबला. लावलं. फिरून आपल्या जागेवर बसला. किल्ली फिरवली.

आणि गाडी वाजायला लागली.

टिंग… टिंग… टिंग…

तुम्हाला माहीत आहे ना? शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की वाजते ती.

मनोजनं तिकडे पाहिलं नाही. हात लांबवला. पट्टा ओढला. लावला.

गप्प झाली गाडी…

हॉटेलवर दोघी बॅगा घेऊन खालीच उभ्या होत्या. भागीबाईनं खांबावरचं गाठोडं काढलं आणि तिचा हात खाली गेला. जड झालं होतं ते. हर्षाली पुढचं दार उघडायला गेली, तर आत्यानं तिचा दंड धरून तिला मागे घेतलं. दोघी मागे बसल्या.  पूल आला की भागीबाई सांगायची, घाट आला की सांगायची. तेवढंच.

सकाळी रामकुंडाशी मी वाट बघत होतो. गाडी लागली. मनोज उतरला, फिरून डावीकडे आला, दार उघडलं, आत वाकून पट्टा काढला. म्हणाला, ‘उतरा बाबा. रामकुंड आलं.’ सीट रिकामी. मला वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. गुरुजींनी विधी केला, अस्थी पाण्यात सोडल्या, आणि मग कुंडाच्या पायरीवर बसून त्यानं मला हे सगळं सांगितलं. माझा विश्वास बसला नाही. थकवा, जाग्रण, त्यात बाप गेलेला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ओलं डोकं पुसायला टॉवेल आणतो म्हणून मी गाडीकडे गेलो.

टॉवेल पुढे होता. दार उघडलं आणि मी तिथूनच त्याला हाक मारली.

सीटपुढच्या पायपुसणीवर वाळू होती. काळी, दमणची. ओली. एक उजवा पाय, एक डावा पाय, आणि अंगठे पुढे.

मी विचारलं, तुमच्यातलं कोण पाण्याकडे गेलं होतं रे? मनोज म्हणाला, कुणीच नाही काका. जागा शोधण्यातच रात्र गेली, समुद्राकडे बघायलाही कुणाला सवड झाली नाही. मग तो खाली बसला आणि बराच वेळ त्या वाळूकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, पण त्या सकाळी मी पहिल्यांदाच त्याच्या कपाळावरची आठी गेलेली पाहिली.

म्हणाला, ‘म्हणजे उठले होते. पाण्यापर्यंत जाऊन आले, काका. कुणी चला न म्हणता.’

ती गाडी अजून त्याच्याकडेच आहे. पायपुसणी त्यानं झटकलेली नाही. मागच्या महिन्यात मी बसलो होतो त्या गाडीत, मागच्या सीटवर. पुढे वाकून त्या वाळूला हात लावून बघितला. दोन उन्हाळे गेले मधे.

अजून ओली आहे.