डोंगर कुठे उभा करायचा?

सन २०६१च्या दिवाळीत नीरजा कराडला सोसायटीच्या अंगणात मातीचा किल्ला करत होती. तिचे हात कोपरापर्यंत चिखलात असतानाच शेजारी भोपळ्याएवढं यान उतरलं आणि त्यातून तीन डोळ्यांचा, वीतभर उंचीचा पाहुणा बाहेर आला.

"नमस्कार श्रोतेहो!" तो म्हणाला. मराठी तो रेडिओ ऐकून शिकला होता. "मी टिंबो. सपाट ग्रहावरून आलोय. हा डोंगर कसा केलात?"

"हा किल्ला आहे. हात लावू नका, अळीव पेरलंय!"

टिंबोची अडचण मोठी होती. त्याच्या ग्रहावर एकही डोंगर नव्हता. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरळ रेषेत धावे. दक्षिणेच्या गरम समुद्रावरचं बाष्प तिथेच राही. टिंबोच्या गावावरचा वारा कोरडाच, त्यामुळे विहिरी आटत चालल्या होत्या. त्यांच्याकडे डोंगर उभारायचं यंत्र होतं. पण ते एकदाच चालणार होतं. जागा आज संध्याकाळपर्यंत कळवायची होती.

"मग गावातच उभारा की," नीरजा म्हणाली.

"अहो टिंबोराव, थांबा!" नीरजाचे आजोबा, आप्पा, व्हरांड्यातून ओरडले. वेधशाळेतून निवृत्त होऊनही त्यांची सवय गेली नव्हती. "कोरडा वारा डोंगरावर चढवला तरी कोरडाच राहणार. नीरजा, चकलीची परात आण."

आप्पांनी आपली फिरती खुर्ची रिकामी केली. तिच्यावर पाण्याने भरलेली परात ठेवून नीरजाने ती सावकाश फिरवली. पाणीही परातीबरोबर फिरू लागल्यावर आप्पांनी हळद भुरभुरवली आणि खुर्ची किंचित हळू केली. पाणी परातीच्या पुढे धावलं.

"परात म्हणजे ग्रह, पाणी म्हणजे वारा," आप्पा म्हणाले. हळद गोल गोल, शिस्तीत फिरत होती.

मग पाण्यात बुडेल एवढी मातीची टेकडी ठेवून त्यांनी तेच पुन्हा केलं. हळदीची रेघ टेकडीपाशी वळली, आणि टेकडी मागे पडल्यावरही नागमोडीच राहिली.

"पुढे तर काहीच नाही! मग ती वळतेय कशाला?" नीरजाने विचारलं.

"डोंगरावरून जाताना हवेचा थर दबून चपटा होतो. फिरत्या ग्रहावर असा थर एका बाजूला वळतो. उतरताना तो ताणला जातो आणि उलट वळतो. मग झोके घेतच पुढे जातो. या वातावरणीय लहरी (वाऱ्याच्या प्रवाहाला पडणारी मोठमोठी वळणं). आपला हिमालयही हजारो किलोमीटर दूरचं हवामान असं बदलतो. समुद्र आणि जमीन सारखी तापत नाहीत, त्याचाही यात हात असतो."

"म्हणजे समुद्रावरून येणारं वळण टिंबोंच्या गावावर यायला हवं. तर डोंगर त्यांच्या पश्चिमेला, लांब हवा!" नीरजा ओरडली.

टिंबोने हिशेब केला आणि त्याचा चेहरा पडला. "त्या जागी धडामपूर आहे. नव्वद वर्षं आमचं बोलणं नाही. त्यांचे तुटलेले पतंग वाऱ्याबरोबर थेट आमच्याकडे येतात. आम्ही एकही परत केलेला नाही."

"एकही?"

"छान असतात हो!"

"लावा फोन," आप्पा म्हणाले.

टिंबोने यानातून धडामपूरला फोन लावला. "ठेवू नका! तुमचे चार हजार पतंग परत करतो."

"शेपट्यांसकट?" पलीकडून विचारलं गेलं.

"शेपट्यांसकट. तुमच्याकडे डोंगर उभारू द्या. पाऊस आमच्याकडे पडेल, पण पाण्याचा पाईप आधी तुमच्यापर्यंत टाकू."

बराच वेळ पलीकडे कुजबुज चालली. मग आवाज आला, "यंत्र घेऊन या. पण माथा सपाट ठेवा. पतंग उडवायला नीट उभं राहता आलं पाहिजे."