खळ्यावरचं धोतर

खळ्यावर पांढरं कापड वाळत घालायचं नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही. निपाणीजवळच्या त्या घरात दहा महिन्यांपासून हा दंडक होता. धोतरं आतल्या सोप्यात, धुरकट वासात वाळायची.

राजमती बेळगावच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती. न विचारता ऐकून घेणं तिला जमत नसे.

तिचा भाऊ भूपाल हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवर विमान घेऊन आला, की जाताना घरावरून घिरट्या घाली. वरून सगळी खळी सारखीच. म्हणून आई त्याचंच धोतर पसरून ठेवी. ते दिसलं की तो विमानाचे पंख हलवी. मग तार आली. ब्रह्मदेशात लढाईवर गेलेलं त्याचं विमान परतलं नव्हतं.

त्या दुपारी आधी फडताळातली भांडी थरथरली. मग घरघर आली, डोक्यावरून माळाकडे, माळावरून परत. राजमती खळ्यावर धावली. आभाळ रिकामं होतं. पेट्रोलचा वास मात्र येत होता.

"आत ये गं," तिचे वडील, आप्पा, दारातून कुजबुजले. "रोज येतंय. तार आल्यापासनं."

"आणि तुम्ही धोतरं लपवताय?"

"घर दिसलं तर उतरंल त्यो..." बाळगोंडाकाका आभाळाकडे बघत म्हणाले. "असा आलेला एकटा परत जात न्हाय, पोरी."

"दहा महिने, काका! त्याला टेकायला जागा न्हाय, आणि तुम्ही कडी लावून जेवताय?"

"चार बुकं शिकलीस म्हणून लई बोलू नगंस," काका म्हणाले.

वरचा आवाज अडखळला, खोकला. पेट्रोल संपत आलं की इंजिन असंच खोकतं, हे भूपालनंच तिला हसत सांगितलं होतं.

तिनं आत जाऊन पेटीतून त्याचं धोतर काढलं. आप्पा दारात आडवे आले. तेवढ्यात आईनं दुसरं टोक धरलं.

"सरा," आई म्हणाली. "एकटीला पसराय जमायचं न्हाय तिला."

धोतर जमिनीला टेकलं आणि आवाज बंद झाला. पानही हलत नव्हतं. पांढऱ्या कापडावर काळ्या तेलाचा एक थेंब उमटला. आईनं बोट लावलं.

"गरम हाय..."

घरातली चौघंही खळ्यावर होती. आत, स्वयंपाकघरात, कुणीतरी पाट सरकवला.

"जाऊ नगंस, राजू..." आप्पांनी तिचा हात धरला.

तिनं तो सोडवून घेतला. "जाणार. जेवायला बसलाय त्यो, आप्पा. वाढायला कुणी नको?"

ती उंबऱ्याकडे निघाली. "एकटा परत जात न्हाय, पोरी..." काका पुटपुटले.

तिनं उंबऱ्यात पाऊल ठेवलं, तसा आत दुसरा पाट सरकला.