रव्यातली अक्षरं

वसुधाने परातीत रवा पसरला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आपल्याच घरात, आपल्याच पोरीला चोरून अक्षरं शिकवायची वेळ येईल, असं दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

शर्वी सव्वापाच वर्षांची. येत्या सोमवारी शाळेत तिच्या कानात वाचमणी बसणार होता. गव्हाच्या दाण्याएवढा हा मणी नजर कुठे वळली ते ओळखतो आणि समोरचा मजकूर कानात वाचून दाखवतो. लहानपणीच बसवला, की मुलांना वाटतं अक्षरंच बोलतात. पण आधी वाचायला शिकलेल्या मुलाच्या डोक्यात दोन आवाज होतात आणि ते भांबावतं. म्हणून घरी अक्षरओळख करून देऊ नका, अशी शाळेची तंबीच होती.

"हे काय लिहिलंय?" वसुधाने रव्यात बोट फिरवलं.

"घड्याळ... रथ!"

वसुधाला हसू आलं. अक्षरं, काना, मात्रा सगळं येत होतं, पण जुन्या तक्त्यावरची चित्रंच पोरीने पाठ करून टाकली होती. "चित्रं विसर. नुसता आवाज काढ. घ. र. आता न थांबता."

"घ...र. घर!" शर्वीने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "आई, मी बोलले की ते बोललं?"

"तू बोललीस गं, बाई माझी."

तिच्या नवऱ्याला, निरंजनला, हे मुळीच पसंत नव्हतं. "सगळा वर्ग मणी लावून पुढे जाईल आणि आपलीच पोर भांबावून मागे राहील. नुकसान करतेयस तू तिचं," असं तो सकाळीच म्हणाला होता. वसुधाकडे उत्तर होतं, पण ते सांगायची लाज वाटत होती. मणी बनवणाऱ्या कंपनीत ती सौम्यीकरण विभागात होती. मुलांना झेपणार नाही असा मजकूर मणी मऊ करून वाचतो आणि ती मऊ वाक्यं वसुधा लिहायची. अपघात झाला, तर मुलांना 'उशीर झाला' एवढंच ऐकू येई. सुरुवातीला तिला या कामाचा अभिमानही वाटला होता.

शर्वीचा नऊ वर्षांचा भाऊ ईशान बुद्धिबळाचा पट काखेत मारून आत आला. तळमजल्यावरचे गद्रेनाना त्याचे रोजचे भिडू. चार दिवसांपासून ते दवाखान्यात होते.

"नाना गावाला गेलेत," ईशान म्हणाला. "खाली फळ्यावर लिहिलंय."

वसुधा हातावरचा रवा न झटकताच उठली. ती तशीच जिना उतरली आणि दोन्ही मुलं तिच्यामागून आली. सोसायटीच्या फळ्यावर पाण्याच्या वेळेखाली खडूने एक ओळ लिहिली होती. शर्वी त्यासमोर टाचा उंचावून उभी राहिली.

"ना...ना. नाना. वा...र...ले." तिने मान वळवली. "यात गाव कुठंय? आई, वारले म्हणजे काय?"

"तुला कुठे वाचता येतं?" ईशान चिडला. "मणी सांगतोय ना! नाना गावाला गेले, बरेच दिवस येणार नाहीत."

ते वाक्य वसुधाचंच होतं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात चहा पिता पिता तिने ते लिहिलं होतं आणि सगळ्यांनी वाहवा केली होती. ती जिन्याच्या पायरीवर बसली. दोघांना जवळ घेऊन तिने सरळ सांगितलं, की वारले म्हणजे मरण पावले, नाना आता कधीच येणार नाहीत. सांगताना तिला रडू आवरलं नाही. शर्वीही रडली. ईशान मात्र फळ्याकडे बघत राहिला.

वर आल्यावर वसुधा निरंजनला म्हणाली, "शर्वीला मणी बसवायचा नाही." मुलांचे चेहरे बघून त्याने मान डोलावली. मग तिने परात ईशानपुढे सरकवली आणि रव्यात 'ना' काढला.

"मणी काढून ठेव, राजा. हे तुझं तू वाच."

ईशानने कानाला हात लावला.

"आई," त्याने हळूच विचारलं, "हा काढला, की मग नाना गावालासुद्धा नसतील ना?"