चंद्रीचा फाटका कान

कॉम्प्युटर रूममध्ये आधी एक ओलं कोकरू घुसलं आणि त्याच्या मागं... तो.

"पकड ना ते! बघून काय राहिलीस?"

मी टेबलाखालून कोकरू ओढलं. बाहेर परतीचा पाऊस भुरभुरत होता. त्या पोराच्या केसांतलं पाणी माझ्या कीबोर्डवर टपकलं. शिवहार... अकरावीच्या दुसऱ्या तुकडीतला, एवढंच माहीत होतं. डोळे असे असतील, हे माहीत नव्हतं!

"तूच ना सुकन्या? डॉक्टर फाटकात थांबलेत. यादी मागून राहिलेत."

पुसेगावातल्या साऱ्या शेळ्यामेंढ्यांची माहिती मी शाळेच्या प्रोजेक्टसाठी डेटाबेसमध्ये भरली होती. आज लसीकरण. डॉक्टरांना ती यादी फोनवर, एक्सेलमध्ये उघडेल अशी हवी होती.

"दोन मिनिटं," मी ऐटीत म्हटलं. माउस बंद होता, पण मला लागतोच कुठं? काळ्या स्क्रीनवर कमांड टाकली, रकाने वेगळे करायला मधे नुसते स्वल्पविराम दिले आणि फाईल उघडली.

शिवहार वाकून बघायला लागला आणि फस्सकन हसला.

"काहून हसतो?"

"आमच्या चंद्रीचा कान... लसीच्या रकान्यात गेला की!"

खरंच की. त्यांच्या घरून आलेली चंद्री मेंढीची खूण होती, 'काळी, डावा कान फाटका, लाडकी'. त्यातल्या स्वल्पविरामांनी बिचारीचे तीन तुकडे केले होते.

"हे लिहिलं कुणी?"

"मी."

"खूण मागितली होती, कौतुक न्हाई!"

"लाडकी हीच खूण हाय तिची." मग तो एकदम हळू बोलला, "घाई न्हाई तशी... यादीबिगर डॉक्टर लस टोचायचे न्हाईत. आज न्हाई झाली, तर ते दिवाळीनंतरच येतील, कळप बी तवाच निघंल. म्या बी इथंच."

"आणि झाली तर?"

"उद्याच. सुट्टी संपेस्तोवर पैनगंगेकडं."

माझी बोटं थांबली. फाईल बिघडलेलीच ठेवली तर... अख्खी सुट्टी हे डोळे गावात! तेवढ्यात कोकरू खोकलं.

छे. मी अर्धवट काम देत नसते.

टाईप केलं, `.mode csv`. आता ज्या मजकुरात स्वल्पविराम, त्याला अवतरणचिन्हांचं कुंपण आपोआप. फाईल पुन्हा काढली. चंद्री एका रकान्यात, अख्खी, कानासकट! लगेच डॉक्टरांना पाठवली.

"लई हुशार हाईस," कोकरू उचलत तो म्हणाला. "हीच तकलीफ हाय. जरा कमी असतीस, तर राहिलो असतो की."

तो दारापर्यंत गेला. आता न्हाई तर कधी?

"शिवहार, मला तू आवडतोस. शाळा उघडली की पहिल्या दिवशी इथंच यायचं. बराबर?"

त्याचे कान लालेलाल.

"व्हय... पण या लेकराची नोंद राहिलीय तुझ्याकडं."

"नाव सांग."

"नाव परत आल्यावर सांगतो. खूण तेवढी आत्ता लिही..." तो थांबला. "लाडकी."

बोलताना तो कोकराकडं बघतच नव्हता.